संत योहानाच्या सणापर्यंत

चर्चच्या वेदीवरील फुलदाण्या ज्यांनी कधी सजविल्या आहेत, त्यांना ‘ॲस्परॅगस’ हे नाव परके नाही. गुलाबांच्या आणि निशिगंधाच्या मागे जो विरळ, पिसासारखा हिरवा पाला खोचला जातो, लग्नाच्या दिवशी नवरदेवाच्या कोटावरील फुलाला ज्याची हिरवी महिरप असते, तोच हा. फुलबाजारात तो जुडीने मिळतो आणि सणाचे मिस्साबलिदान आटोपले की कोमेजलेल्या फुलांबरोबर खतखड्ड्यात जातो. याच नावाची एक भाजी आहे, तिच्यासाठी युरोपात माणसे वर्षभर वाट पाहतात, आणि तिच्या कापणीचा शेवटचा दिवस एका संताच्या सणाशी बांधलेला आहे, हे मात्र आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. त्या भाजीविषयी, आणि तिने आम्हांला लावलेल्या एका विचाराविषयी हे चार शब्द.

वेदीवरचा पाला हा या कुळातला शोभेचा भाऊ. तो खायचा नव्हे. त्याची फळे पोटाला बाधतात. दुसरी बहीण आपल्या सह्याद्रीच्या आणि कोकणच्या रानातील काटेरी शतावरी. बाळंतिणीला अंगावर दूध यावे म्हणून शतावरी कल्प देण्याची चाल आपल्या घरांतूनही आहे. तिच्या वेलीखाली मुळांचा घोसच्या घोस असतो, म्हणून तिला ‘शतमुळी’ असेही म्हणतात. पावसाच्या आरंभी तिचे कोवळे कोंब रानभाजी म्हणून खाल्ले जातात. तिसरी बहीण ती ही युरोपातील भाजीची शतावरी. तिच्या शास्त्रीय नावात ‘ऑफिसिनालिस’ असा शब्द आहे. ‘ऑफिसिना’ म्हणजे जुन्या मठांतील ती खोली, जेथे औषधी वनस्पती आणि काढे साठवून ठेवीत. रोमन लोकांनाही ही भाजी प्रिय होती. ज्या ऑगस्टस कैसराच्या खानेसुमारीमुळे योसेफ आणि मरिया बेथलेहेमास गेली, तो कैसर एखादे काम तातडीने व्हावे असे सांगताना ते ॲस्परॅगस शिजण्याच्या आत व्हावे, असा वाक्प्रचार वापरी, अशी नोंद आहे. प्रभूच्या जन्मकाळी ही भाजी राजाच्या जिभेवर होती, ती अशी दोन्ही अर्थांनी.

आमच्या कुटुंबातील एक भगिनी दक्षिण जर्मनीत परिचारिकेची सेवा करते. तिच्याकडे एका मे महिन्यात जाण्याचा योग आला, तेव्हा या भाजीचे माहात्म्य आम्ही प्रथम पाहिले. तेथे तिला ‘श्पार्गेल’ म्हणतात. एप्रिलच्या मध्यापासून रस्तोरस्ती लाकडी टपऱ्या उभ्या राहतात आणि खानावळींच्या फळ्यांवर दुसरे काही दिसेनासे होते. श्वेत्झिंगेन, श्रोबेनहाउझेन, बर्लिनजवळचे बेलित्स ही गावे या एका भाजीने ओळखली जातात; श्रोबेनहाउझेनला तर तिचे संग्रहालय आहे. जर्मनांची आवड पांढऱ्या कोंबांची. शेतात गुडघ्याएवढे मातीचे वरंबे घालतात, कोंब त्या मातीच्या आत अंधारात वाढतो, त्याला ऊन लागत नाही म्हणून हिरवा रंग धरत नाही. वरंब्याला बारीकशी भेग पडली की मजूर बोटांनी माती उकरतो आणि लांब सुरीने खोल खालून कोंब कापतो. प्रत्येक कोंब हाताने, वाकून. हे काम करणारे बहुतेक हात पोलंडचे आणि रुमानियाचे. २०२० च्या एप्रिलमध्ये महामारीने सीमा बंद झाल्या, तेव्हा याच हंगामासाठी रुमानियातून मजुरांना विमानांनी नेण्यात आले होते, इतके ते हात मोलाचे.

परंतु आम्हांला अचंबा वाटला तो निराळ्याच गोष्टीचा. २४ जूनला, म्हणजे संत योहान बाप्तिस्ता याच्या जन्माच्या सणाला, ही कापणी थांबते. कोंब यायचे थांबलेले नसतात. गिऱ्हाईकही थांबलेले नसते. भाव चांगला असतो. तरी सुरी म्यान होते. चेरी लाल झाली की श्पार्गेल संपले, अशा अर्थाची म्हण शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. जो पदार्थ दहा आठवडे घरोघरी होता, तो दुसऱ्या दिवसापासून पुढील वर्षापर्यंत नाही म्हणजे नाही.

याचे कारण जमिनीखाली आहे. ॲस्परॅगस हे वर्षायू पीक नव्हे. एकदा लावलेला गड्डा पंधरा-वीस वर्षे जगतो. वसंतात जे कोंब वर येतात, ते आदल्या वर्षी मुळांत साठविलेल्या साखरेवर येतात. उबदार दिवशी कोंब काही इंच वाढतो, तो मुळांची शिदोरी खाऊन. आपण कोंब कापला म्हणजे शिदोरी गेली आणि तिच्या बदल्यात मुळांना काहीच मिळाले नाही. न कापलेला कोंब मात्र माणसाच्या छातीपर्यंत वाढतो, फुटतो, पिसाऱ्यासारखा पाला धरतो, आणि तो पाला पुढील चार-पाच महिने ऊन खाऊन मुळांना परतफेड करतो. २४ जूननंतर कापणी चालू ठेवली तर त्या वर्षी चार जुड्या अधिक मिळतील. पण पुढल्या वर्षी कोंब बारीक होतील, आणि त्याच्या पुढल्या वर्षी गड्डा मरेल. म्हणून एक दिवस ठरलेला आहे, आणि त्या दिवशी हात आवरला जातो.

तो दिवस योहानाचा असावा, हे आम्हांला अर्थपूर्ण वाटते. प्रभू वाढावा आणि आपण कमी व्हावे, अशी इच्छा धरणारा हा संत. त्याच्या सणापासून उत्तरेकडील देशांत दिवस लहान होऊ लागतो, ही गोष्ट धर्मपंडितांनी पूर्वीच हेरली आहे. घेणाऱ्याने कमी व्हावे म्हणजे मूळ वाढेल, हा त्याच न्यायाचा शेतातला अर्थ. आपल्याकडे हाच दिवस भर पावसाचा. गोव्यात सांजांवच्या दिवशी डोक्यावर फुलापानांची कोपेले घालून तरुण मंडळी भरलेल्या विहिरींत उड्या घेतात. तेथे सुरी थांबते, येथे विहिरी भरू लागतात. ही दोन चित्रे मनात शेजारी राहिली, ती पुढे का उपयोगी पडली ते यथावकाश येईलच.

आता या भाजीच्या गुणांविषयी. १०० ग्रॅम हिरव्या कोंबांत सुमारे ९३ ग्रॅम पाणीच असते. कॅलरी २०, प्रथिने २.२ ग्रॅम, तंतू सुमारे २ ग्रॅम. लोह २ मिलिग्रॅमच्या आसपास आणि पोटॅशियम सुमारे २०० मिलिग्रॅम. जमेची मोठी बाजू म्हणजे फोलेट, सुमारे ५२ मायक्रोग्रॅम. गर्भाच्या मज्जारज्जूची घडण नीट व्हावी म्हणून मातेला जे द्रव्य आवश्यक असते, ते हे. प्रौढ माणसाच्या दिवसाच्या ४०० मायक्रोग्रॅमच्या गरजेपैकी पाव भाग दोनशे ग्रॅम भाजी भागवते. मात्र गर्भवतीला डॉक्टरांनी दिलेल्या गोळीची जागा कोणतीही भाजी घेत नाही, हेही सांगितले पाहिजे. के जीवनसत्त्व ४० मायक्रोग्रॅमहून थोडे अधिक असते. रक्त पातळ राहण्यासाठी वॉर्फरिन घेणाऱ्यांनी म्हणूनच ही भाजी अचानक फार खाऊ नये. गाउटचा त्रास असणाऱ्यांनीही बेताने घ्यावी. खाल्ल्यानंतर काहींच्या लघवीला उग्र वास येतो. तो रोग नव्हे, या भाजीतील गंधकयुक्त आम्लाचा तो परिणाम. १८०६ साली व्होक्लँ आणि रोबिके या फ्रेंच रसायनज्ञांनी हिच्या रसातून एक पदार्थ वेगळा काढला. शास्त्राच्या हाती आलेले ते पहिले अमिनो आम्ल. त्याला भाजीवरूनच ‘ॲस्पराजिन’ हे नाव पडले.

तरीही वाचकांनी केवळ पोषणासाठी ही महागडी जुडी विकत घ्यावी, असे आम्ही म्हणणार नाही. पालकात फोलेट याहून बरेच अधिक आणि पालकाची जुडी कोणालाही परवडते. ही भाजी खायची ती चवीसाठी: मटाराचा गोडवा, किंचित कडसर शेवट आणि कोवळेपणा.

कोंब घेताना शेंडा घट्ट मिटलेला आणि देठाची कापलेली बाजू ओली असावी. घरी आणल्यावर फुलांप्रमाणे थोड्या पाण्यात उभे ठेवावेत किंवा ओल्या फडक्यात गुंडाळावेत. दोन दिवसांच्या आत वापरावेत, कारण त्यांतील साखर झपाट्याने कमी होते. देठाचा खालचा भाग हाताने वाकविला की जेथे चरबट भाग संपतो तेथे तो आपोआप मोडतो. हिरवे कोंब सोलावे लागत नाहीत. उकळत्या खारट पाण्यात तीन ते पाच मिनिटे पुरतात. पांढरे मात्र शेंड्याखालपासून नीट सोलावे लागतात आणि बारा-पंधरा मिनिटे घेतात. जर्मन गृहिणी सालीही टाकत नाही. त्यांचे सार करते. तेथे ही भाजी उकडलेल्या बटाट्यांबरोबर, वितळलेले लोणी घालून खातात. आमच्या घरी ती निराळी झाली आहे. तेलात ठेचलेला लसूण आणि एक हिरवी मिरची, त्यावर मूठभर सोललेली कोळंबी, कोळंबीचा रंग पालटला की बोटभर लांबीचे हिरवे तुकडे, चार मिनिटे मोठ्या आचेवर, आणि उतरताना ओले खोबरे व लिंबाचा रस. प्रायश्चित्तकाळातील शुक्रवारी कोळंबी वगळून तीच भाजी तांदळाच्या भाकरीबरोबर छान लागते.

आमच्या वाडीत हे पीक लावताना युरोपची रीत जशीच्या तशी चालण्यासारखी नव्हती. तेथे गड्डे हातभर खोल चरात लावतात आणि थंडीत झाड झोपते. आपल्याकडे थंडी नाही, आणि चार महिन्यांच्या मुसळधार पावसात चर म्हणजे डबके; गड्डा कुजणारच. म्हणून जमिनीपासून फूटभर उंच गादीवाफा करावा, त्यात वाळूमिश्रित माती आणि भरपूर कुजलेले शेणखत घालावे. जागा नसेल त्यांनी बुडाला भोके पाडलेला, दीड-दोन फूट खोल पिंप घ्यावा. बी एक दिवस-रात्र कोमट पाण्यात भिजवून पिशव्यांत पेरावे. दोन-तीन आठवड्यांत दोऱ्यासारखे कोंब दिसतात. तीन महिन्यांची रोपे दीड फूट अंतरावर लावावीत. ऊन निदान सहा तास हवे. झाडे नर-मादी वेगळी असतात; मादीला लाल फळे धरतात, ती मुलांनी तोंडात घालू नयेत. नराचे पीक अधिक.

पहिल्या वर्षी काहीही कापायचे नाही. उष्ण हवेत वाढ लवकर होते, त्यामुळे वर्षभरात कापणीचा मोह पडतो. तरी घरच्या वाफ्याने दुसरे वर्षही बहुतांशी पाल्यात घालवावे आणि तिसऱ्या वर्षी ताटात यावे, हे उत्तम. संत लूकच्या शुभवर्तमानातील अंजिराच्या झाडाची गोष्ट येथे आठवते. मालक तीन वर्षे फळ शोधून थकला, पण माळ्याने आणखी एका वर्षाची मुदत मागितली आणि खणून खत घालण्याचे वचन दिले. ॲस्परॅगस लावणाऱ्यास त्या माळ्याचा स्वभाव हवा.

तिसऱ्या वर्षीची कापणी कशी करावी याचे उत्तर आम्हांला तैवान आणि थायलंडच्या रीतीत मिळाले. त्या देशांतही झाड झोपत नाही. तेथील शेतकरी प्रत्येक गड्ड्याचे तीन ते पाच कोंब न कापता वाढू देतात. त्यांना ‘मातृकोंब’ म्हणावे. त्यांचा पाला मुळांना पोसतो, आणि बाजूने येणारे नवे कोंब वीतभर झाले की सकाळी कापतात. ऊन चढले की शेंडे फुटू लागतात. काही महिन्यांनी मातृकोंब पिवळे पडले की कापणी थांबवून नवे राखायचे. वसईच्या माणसाला यात नवल नाही. केळीचे लोंगर उतरविताना बुंध्याशी एक मुनवा राखणे हाच तो धडा. जर्मनाने तारखेने हात आवरला, तैवानच्या शेतकऱ्याने संख्येने. रीत वेगळी, संयम एकच.

या पिकाचा आणखी एक गुण आहे, आणि तो कळला तेव्हा आमच्या घरी प्रथम आनंद झाला: हे मचूळ पाणी इतर भाज्यांहून बरेच अधिक सोसते. ज्या वाडीत पानवेल टिकत नाही, केळीच्या पानांच्या कडा करपतात, तेथेही हे उभे राहते. पण वाफ्यापाशी उभे राहून विचार करता तो आनंद ओसरला. मचूळ पाणी सोसणारे पीक शोधणे म्हणजे पाणी मचूळ झाल्याचे मान्य करणे. आपल्या विहिरींना हे पाणी जन्मापासूनचे नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, आणि मध्ये रेताड जमिनीत पावसाच्या गोड्या पाण्याचा थर, अशी आपली घडण. रहाट जेवढे उपसे, तेवढे रात्रीत झरे. बावखले पावसाचे पाणी धरून ठेवीत आणि सावकाश जमिनीला देत. पुढे पंप आले, शहरे वाढली, टँकर आले, बावखले बुजली. गोडा थर पातळ होत गेला आणि त्याची जागा घेण्यास समुद्र तत्पर होताच. हरित वसई संरक्षण समितीने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून हिरव्या वसईसाठी लढा दिला. २०२४ साली निवर्तलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो त्या लढ्याचे नेते होते. तो लढा आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिला आहे.

या भाजीचा आणि आटणाऱ्या विहिरींचा संबंध वसईपुरता नाही. दक्षिण अमेरिकेतील पेरू या कॅथलिक देशात, समुद्रकाठच्या वाळवंटात इका नावाचे खोरे आहे. पाऊस तेथे जवळजवळ पडतच नाही. १९९१ साली अमेरिकेने अँडीज पर्वतातील देशांच्या मालावरील जकात उठविली, तेव्हापासून त्या वाळवंटात ॲस्परॅगसची प्रचंड लागवड झाली आणि कोंब विमानाने अमेरिका-युरोपला जाऊ लागले. ऋतू नसल्याने शेतकरी काही आठवडे पाणी तोडून झाडाला झोपवितात. त्यामुळे वर्षातून दोन पिके निघतात. झाडाच्या मुळांना विसावा मिळाला. विहिरींना मात्र मिळाला नाही. कार्डिनल हिन्स्ली यांच्या चळवळीतून जन्मलेल्या, कॅथलिक परंपरेतील ‘प्रोग्रेसिओ’ या ब्रिटिश संस्थेने २०१० साली याविषयी अहवाल काढला. इकाची भूजलपातळी काही ठिकाणी वर्षाला ८ मीटरने खाली जात असल्याचे त्यात म्हटले होते. मोठ्या मळ्यांनी विहिरी खोल केल्या; ज्यांना खोल करणे परवडेना, त्या लहान शेतकऱ्यांच्या विहिरी कोरड्या पडल्या. जी भाजी हात आवरायला शिकविते, तिच्याच पायी हे घडावे, हे दुःख आहे. मूळ राखण्याचे ज्ञान होते. मुळाखालचे पाणीही मूळच आहे, याचा विसर पडला.

आमच्या वाडीतील विहीर तीन घरांच्या सामाईक मालकीची. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात एका टँकरवाल्याने पाण्यासाठी मोठी रक्कम देऊ केली. तिन्ही घरांची बैठक बसली. एका घरात मुलाच्या शिक्षणाचे कर्ज होते, दुसऱ्यात आजारपण. पैशाची गरज खोटी नव्हती. धाकट्या घरचा पुतण्या म्हणाला, “काका, विहीर आपली, पाणी आपले. पावसात पुन्हा भरणारच ना?” त्यावर आमच्या वयोवृद्ध आत्याने एवढेच विचारले, “बाबा, मुनवा न राखता केळ तोडणारा तुझ्या आज्याच्या वाडीत कधी पाहिलास?” कोणी हसले नाही. बराच वेळ कोणी बोललेही नाही.

त्या बैठकीत आम्ही जर्मनांच्या सणाची आणि तैवानच्या मातृकोंबांची हकिगत सांगितली. आपल्याकडे तारीख चालणार नाही, कारण पाऊस तारीख पाळत नाही, हे सर्वांच्या लक्षात आले. म्हणून विहिरीच्या आतल्या चिऱ्यांवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढली. पाणी त्या रेघेखाली गेले की पंप बंद. प्यायला आणि स्वयंपाकाला तेवढे कळशीने काढायचे. पाणी विकायचे नाही. ज्या घरात कर्ज आहे त्याला उरलेल्या दोन घरांनी केळीच्या उत्पन्नातून हातभार लावायचा. कराराची मुदत तीन वर्षे.

गेल्या मे महिन्यात रेघ उघडी पडली आणि पंप अकरा दिवस बंद राहिला. केळी सुकल्या, दोन लोंगरे वाया गेली, आणि ज्याचे लोंगर गेले त्याने आम्हांला चार शब्द ऐकविलेही. विहिरीचे पाणी गोडे झाले, असे सांगण्याजोगे काही घडलेले नाही. एका वाडीने तसे होणारही नाही, कारण जमिनीखाली कुंपणे नसतात. पण शेजारच्या वाडीतून परवा दोघे जण येऊन रेघ कोठे ओढली ते वाकून पाहून गेले. कराराचे हे दुसरे वर्ष, आणि वाफ्यातील झाडांचेही दुसरेच. यंदा आम्ही कोंबांना सुरी लावलेली नाही. पाला छातीपर्यंत आला आहे.